खंड्याचा निरोप: परीक्षेच्या तोंडावर घरातलं कुत्रं जातं तेव्हा

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2024च्या उन्हाळ्यातलं, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. ओळख पटू नये म्हणून कुत्र्याचं नाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. माझा पशुवैद्यकीय दवाखाना त्याच भागात आहे. काम मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांचं, पण अलीकडे घरात पाळलेली कुत्रीही रोज येतात. त्यांच्यासोबत घरातले दोन-तीन जण येतात आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं असतं.

घर पाच माणसांचं. आजोबा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. आजी दत्तभक्त. वडिलांचं खत-बियाणांचं दुकान, आई शिक्षिका. एकुलती मुलगी बारावी करून लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करत होती. परीक्षा 5 मे रोजी, रविवारी.

खंड्या गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान कायम दुमडलेला. मुलगी बालवाडीत असताना दुकानाच्या गोदामामागे सापडलेलं पिल्लू तिनं फ्रॉकमध्ये गुंडाळून घरी आणलं. तो रविवार होता, खंडोबाचा वार, म्हणून आजीनं नाव ठेवलं खंड्या. तेरा वर्षांत त्याचा दिनक्रम ठरून गेला होता. दुपारी दुकानात काउंटरखाली झोप, संध्याकाळी आजोबांबरोबर मारुतीच्या पारापर्यंत फेरी, आणि रात्री आजोबांच्या ताटातला भाकरीचा शेवटचा तुकडा. तो तुकडा मिळाल्याशिवाय तो पडवीतून हलत नसे आणि तो दिल्याशिवाय आजोबा हात धुवायला उठत नसत.

आजार कसा लक्षात आला

थंडीत खंड्या जास्त पाणी प्यायला लागला होता. रात्री पडवीत लघवी व्हायची. घरच्यांनी ते वयावर घातलं. पुढे ऊन चढलं तेव्हा पाणी पिण्याचं कारण आपोआप मिळालं. मार्चअखेर उलट्या सुरू झाल्या, भाकरीला तोंड लावेना आणि तोंडाला उग्र वास येऊ लागला, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वडील त्याला दवाखान्यात घेऊन आले.

हिरड्या पांढुरक्या, जिभेच्या कडेला व्रण, वजन 18 किलोवरून 14वर आलेलं. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं लघवीवाटे बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, 6.8. निरोगी कुत्र्यात ते 1.4च्या आत असावं. पाचच्या वर गेलं की किडनीच्या जुनाट आजाराचा चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा धरतात. हा आजार उशिरा कळतो त्याला कारण आहे. किडनीचं साधारण दोन-तृतीयांश काम थांबलं की लघवी पातळ होते आणि तहान वाढते, पण रक्तातलं क्रिएटिनिन चढायला जवळजवळ तीन-चतुर्थांश काम जावं लागतं. जनावर आजारी दिसेपर्यंत हातात थोडंच उरलेलं असतं.

चार दिवस शिरेतून सलाईन दिलं. क्रिएटिनिन 5.4पर्यंत उतरलं, खंड्या शेपूट हलवायला लागला, घरच्यांना आशा वाटली. आठवड्याने पुन्हा पाहिलं तर 7.9. गेलेली किडनी परत येणार नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झालं.

पेच

वडिलांनी रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "मॅडम, पाच मेपर्यंत ओढता येईल का?"

पोरगी दोन वर्षं घर सोडून अभ्यास करते आहे, शेवटच्या महिन्यात तिला धक्का नको, परीक्षा झाली की ती घरी येईल आणि मग काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यांचं म्हणणं. बाप म्हणून ते मला पूर्ण पटत होतं. पण हा प्रश्न मुलीबद्दलचा होता आणि त्याची किंमत खंड्या देणार होता. रोज सलाईन, रोज सुया, पोटात अन्न नाही, बाहेर चाळीसच्या वर पारा, असे जवळजवळ चार आठवडे त्याला काढावे लागले असते.

घरात मतं तीन होती. वडिलांना परीक्षेपर्यंत वेळ हवा होता. आईला मुलीला सांगावंसं वाटत होतं, पण सांगितल्यावर काही बिघडलं तर दोष आपल्यावर येईल याची धास्ती होती. आजीचं म्हणणं, इंजेक्शन देऊन मारणं पाप आहे, दत्ताच्या पायाशी बसणारं जनावर आहे, त्याचं त्याला जाऊ द्या. आजोबा काहीच बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत म्हणून त्यांना कोणी विचारलंही नाही.

समोरचे पर्याय

मी कागदावर मांडले ते असे.

मोठ्या शहरात नेऊन डायलिसिस. विषबाधेनं किंवा लेप्टोस्पायरोसिससारख्या संसर्गानं किडनी अचानक बंद पडली असेल तर याचा उपयोग होतो, कारण तेवढ्या काळात किडनी सावरण्याची शक्यता असते. जुनाट आजारात ते थांबवलं की परिस्थिती पुन्हा तीच. शिवाय प्रवास. हा पर्याय मी सांगितला आणि सुचवत नाही, हेही सांगितलं.

घरीच आराम देणारे उपचार. रोज कातडीखाली रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन, उलटी थांबवण्याचं औषध, ॲसिडिटीचं औषध. यात आजार बरा होत नाही, पण मळमळ कमी होते आणि उरलेले दिवस बरे जातात. किती दिवस, हे सांगता येत नाही. माझा अंदाज दोन आठवड्यांच्या आसपासचा होता.

काहीच न करता नैसर्गिक मरणाची वाट पाहणं. हा आजीचा पर्याय. रक्तात युरिया वाढत जाऊन येणारं मरण शांत असतंच असं नाही, झटके येऊ शकतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना घाबरवायचं नव्हतं, पण झाकून ठेवणंही बरोबर नव्हतं.

आणि चौथा, वेदना असह्य होण्याआधी घरच्या घरी शांतपणे निरोप देणं.

त्या दिवशी त्यांनी दुसरा पर्याय निवडला आणि चौथ्यावर निर्णय पुढे ठेवला. सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवून, खांद्याच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून सुई कशी लावायची, हे आई शिकल्या. पथ्य म्हणून दूध आणि हाडं बंद करून भात आणि अंड्याचा पांढरा बलक सांगितला होता, कारण दुधात आणि हाडात फॉस्फरस जास्त. तेही शेवटच्या आठवड्यात मी सोडायला सांगितलं. ज्याच्यापुढे महिने आहेत त्याला पथ्य. ज्याच्यापुढे दिवस आहेत त्याला जे गोड लागेल ते द्यावं. त्यानं दूध-भाकरी चाटून खाल्ली.

कालनिर्णयवरच्या खुणा

आजींशी पाप-पुण्याचा वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि तो माझा अधिकारही नव्हता. मी त्यांना एक काम दिलं. दिवसभर घरात खंड्याजवळ त्याच असायच्या.

अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी शेवटच्या टप्प्यातल्या जनावरांसाठी सात मुद्द्यांची एक मोजणी मांडली आहे: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगले दिवस वाईट दिवसांपेक्षा जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे; बेरीज 35च्या वर असेल तर जनावराचं जगणं बरं चाललंय असं मानतात. आजींना आकडे नको होते, म्हणून मी शेवटचा मुद्दा तेवढा घेतला. रात्री झोपताना कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करायची. दिवस बरा गेला तर गोल, वाईट गेला तर फुली. बरा म्हणजे काय, हे त्यांनीच ठरवलं: स्वतःहून उठून पाणी प्यायला, काहीतरी खाल्लं, हाक मारल्यावर मान वर केली.

9 एप्रिलला, गुढीपाडव्याला खुणा सुरू झाल्या. त्या चौकोनात गोल आहे. श्रीखंडाचं बोट चाटलं होतं म्हणे. पुढचे तीन दिवस गोल, मग एक फुली, परत गोल, आणि मग ओळीनं फुल्या. 19 तारखेला आजींनी स्वतः फोन केला. "मॅडम, पाच दिवस झाले, गोल नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्याला त्रास होत असताना मी बघत बसले तर ते पुण्य कसलं?"

या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होता असं मला वाटतं. त्या दिवशी मी किंवा वडिलांनी निर्णय घेतला असता तर आजींच्या मनात तो कायम टोचत राहिला असता. स्वतःच्या हातच्या खुणा वाचून त्या तिथे पोचल्या.

मुलीला सांगायचं की नाही

आता प्रश्न मुलीचा उरला. वडील अजून परीक्षेवर अडून होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की, खंड्या 5 मेपर्यंत थांबणार नाही, सलाईन लावून ठेवलं तरी नाही. तेव्हा ती परीक्षेनंतर येऊन त्याला भेटेल, हा पर्यायच नाही. निवड दोनच गोष्टींत आहे: आत्ता कळून भेट होणं, किंवा नंतर कळून भेट न होणं.

आईनं ठरवलं. फोनवर सांगायचं नाही, कारण फोन ठेवल्यावर ती हॉस्टेलच्या खोलीत एकटी असेल. शनिवारची टेस्ट संपेपर्यंत थांबून त्या लातूरला गेल्या, मेसमध्ये तिच्याबरोबर जेवल्या, आणि मग सांगितलं. येतेस का, हे तिला विचारलं. चल, असं म्हटलं नाही. ती आली. बसमध्ये बायोलॉजीच्या नोट्स मांडीवर होत्या, वाटेत एक पानही उलटलं नाही, असं आईनं नंतर मला सांगितलं.

मुलीला राग आला, तो वेगळ्याच गोष्टीवर. पाडव्याला तिनं व्हिडिओ कॉल केला होता. खंड्या कुठंय, विचारलं तेव्हा वडिलांनी कॅमेरा पडवीकडे फिरवून म्हटलं होतं, "झोपलाय." ते वाक्य खोटं नव्हतं. पण त्याच्या पायाला चिकटपट्टीत सुई होती आणि ती दिसू नये इतक्या वेगानं कॅमेरा परत फिरला होता. "तेव्हाच सांगितलं असतं तर मी पाडव्याला आले असते. तेव्हा तो चालत होता," असं ती म्हणाली. वडिलांकडे याला उत्तर नव्हतं.

तो रविवारचा सगळा दिवस ती त्याच्याजवळ पडवीत होती. रात्री तिथेच चटई टाकून झोपली.

सोमवारची सकाळ

22 एप्रिलला सकाळी ऊन चढायच्या आत मी गेले. संमतीपत्रावर वडिलांनी सही केली. सुई हातात घेण्याआधी मी काय काय होईल ते सगळ्यांना सांगितलं, कारण माहीत नसलं की त्याच गोष्टी पुढे रात्री आठवत राहतात. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो झोपेल. मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही मिनिटांत हृदय थांबेल. डोळे मिटणार नाहीत, उघडेच राहतील. नंतर एखादा खोल श्वास घेतल्यासारखं वाटेल, पाय हलेल, लघवी होईल. हे सगळं शरीराचं असतं, त्याला त्यातलं काही कळत नसतं.

कोण थांबणार, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असं म्हटलं. मुलगी त्याला झोप लागेपर्यंत थांबली, दुमडलेला कान बोटांनी सरळ करत. कान परत दुमडत होता. मग ती आत गेली. आई, वडील आणि आजी शेवटपर्यंत होते. आजींनी तोंडात गंगाजल घातलं. आजोबा पहाटेच घराबाहेर पडले होते. ते दुपारपर्यंत एसटी स्टँडच्या बाकावर बसून होते, हे नंतर कळलं.

नगरपालिकेची गाडी बोलवायची की शेतात न्यायचं, यावर फार बोलावं लागलं नाही, शेत होतं. जागा मात्र विचार करून ठरवली. वडिलांच्या डोक्यात विहिरीजवळची सावली होती. मी नको म्हटलं: पाण्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला पाहिजे. दुसरी गोष्ट खोली. शिरेतून दिलेलं औषध शरीरात राहतं. उथळ खड्डा कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरला तर खाणाऱ्यालाही विषबाधा होते. चार फूट सांगितलं. एप्रिलमधली काळी माती वाळून भेगाळलेली असते, पहार लावूनही दोन माणसांना अडीच तास लागले. खाली मीठ घातलं, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवलं. मातीचा उंचवटा मुद्दाम जास्त ठेवायला सांगितला, कारण पावसात तो बसतो. जूनमध्ये तो बसलाच. पुन्हा माती ओढली, भोवती दगडांची कड केली, आणि पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला तेवढा चौकोन सोडायला सांगितलं.

त्यानंतर

मुलगी मंगळवारी लातूरला परत गेली आणि 5 मेला परीक्षा दिली. गुण किती पडले, ते मी इथे मुद्दाम देत नाही. चांगले पडले असते तर निर्णय बरोबर आणि कमी पडले असते तर चूक, असा हिशोब कोणी करू नये.

गावात "कुत्र्यासाठी एवढं काय" म्हणणारे भेटलेच. आईनं शाळेत रजेचं कारण तब्येत असं लिहिलं; खरं कारण लिहायची सोय नव्हती. सुतक असतं का, असं शेजारणीनं विचारलं. आजी म्हणाल्या, "सुतक नाही. पण तेरा दिवस आमच्याकडे गोड होणार नाही." झालं नाही. वडिलांना खंड्याचा फोटो हार घालून बैठकीत लावायचा होता. आजींना तो पूर्वजांच्या ओळीत नको होता. फोटो दुकानाच्या काउंटरवर काचेखाली गेला. बिल करताना गिऱ्हाईक विचारतं आणि वडील सांगतात.

सगळ्यांचं लक्ष मुलीकडे होतं. घर ढासळलं ते दुसऱ्या बाजूनं. जूनमध्ये आजोबांची साखर वाढली. त्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, फिरणं बंद केलंय का, तेव्हा घरच्यांना उमगलं की एप्रिलपासून ते एकदाही पारापर्यंत गेलेले नव्हते. रात्री जेवायलाही ते लवकर बसून लवकर उठत. शेवटचा तुकडा ताटात उरू नये म्हणून अर्धीच भाकरी घेत. ते रडले नव्हते, काही बोलले नव्हते, म्हणून सावरलेत असं सगळ्यांनी धरलं होतं.

परीक्षेनंतर घरी आलेल्या मुलीनं त्यांना बाहेर काढलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मोकळ्या हातानं कुठं जायचं?" तिनं त्यांना काठी दिली आणि सोबत गेली. जाताना ती खंड्याबद्दल विचारायची: मी लातूरला गेल्यावर तो काय करायचा, पारावर कुणाकुणाच्या अंगावर भुंकायचा. त्यातून कळलं की शनिवारी संध्याकाळी लातूरची गाडी यायच्या वेळेला तो स्टँडकडे ओढ घ्यायचा आणि आजोबा त्याला तिथपर्यंत नेऊन परत आणायचे. दोन वर्षं हे चालू होतं आणि घरात कुणाला माहीत नव्हतं.

पारावर दोन भटकी कुत्री असतात. आजोबा त्यांना भाकरी टाकू लागले. वडिलांना काळजी वाटली ती रास्त होती. मी जाऊन दोघांना रेबीजची लस दिली आणि आजोबांना सांगितलं की हातानं भरवायचं नाही, खाली ठेवून दोन पावलं मागे व्हायचं. बार्शीहून लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायची वडिलांची इच्छा आजोबांनी तेवढी धुडकावली. तो विषय घरानं पुढे रेटला नाही, हे चांगलं केलं.

पितृपक्षात श्राद्धाच्या दिवशी गाय, कावळा आणि श्वान यांचे घास काढतात. या घरात ते दर वर्षी काढले जात आणि श्वानाचा घास खंड्याच खायचा. या वेळी पान वाढून झाल्यावर तो कुणी न्यायचा यावर सगळे थांबले. आजी पंढरपूरच्या वळणातल्या. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव त्यांच्या तोंडी नेहमी असतात. त्यांनी घासावर तूप जास्त घातलं आणि पान आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी ते पारावर नेलं.

काय वेगळं करता येईल

तपासणीबद्दल शंका नाही. कुत्र्यानं सात-आठ वर्षं ओलांडली की वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासावी. लघवी पातळ होणं क्रिएटिनिनच्या आधी दिसतं, आणि त्या टप्प्यावर आहार बदलून महिने, कधी वर्षं मिळतात. पाणी जास्त पितंय, एवढ्या एका कारणासाठी सुद्धा दवाखान्यात यावं.

मुलीला कधी सांगायचं, यावर माझं मत घरच्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. निदान झालं त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. पाडव्याला ती आली असती तर तिला खंड्या उभा दिसला असता, आणि वडिलांना तो कॅमेरा फिरवावा लागला नसता. परीक्षेच्या महिनाभर आधीची बातमी पचवायला महिना मिळतो; पंधरा दिवस आधीची पचवायला पंधराच दिवस मिळाले. शेवटच्या भेटीसाठी तिला नेण्याचा निर्णय मात्र पूर्ण योग्य होता, आणि आईनं समोर बसून सांगितलं ते त्याहून.

आजोबांबाबतीत, मला वाटतं, विचारण्याची पद्धतच बदलायला हवी. अशा बैठकीत बोलणारी माणसं ऐकली जातात. जनावराचा दिवस ज्या माणसाबरोबर जातो, ते बऱ्याचदा घरातलं सर्वांत कमी बोलणारं माणूस असतं. त्यामुळे आता म्हाताऱ्या कुत्र्याचा केसपेपर करताना मालकाच्या नावाखाली मी आणखी एक ओळ ठेवते: संध्याकाळी याला खायला कोण घालतं. गंभीर काही सांगायचं असलं तर त्या माणसाला बोलावल्याशिवाय बोलणं सुरू करत नाही.